सिगारेट सोडलेल्या बाबांना फुप्फुसाच्या तपासणीला न्यायचं कसं?

कृष्णाकाठ

बाबा ६७ वर्षांचे. साखर कारखान्यात पॅनमन होते, म्हणजे उसाचा रस आटवतात त्या पॅनवर कामाला; २०१६ ला निवृत्त झाले. त्याच वर्षी स्टेंट टाकला आणि सिगारेट सुटली. १९७८ पासून ओढत होते. गेल्या महिन्यात त्यांच्याच पाळीतले एक काका फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. कळलं तेव्हा चौथी स्टेज, पुढे जेमतेम पाच महिने. तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय. परदेशात अशा लोकांचा म्हणे दरवर्षी एक हलका सीटी स्कॅन करतात, काही होत नसतानाच.

बाबांपुढे विषय काढला, तर पेपर खाली न ठेवता म्हणाले, "शोधलं की सापडतं." थोड्या वेळाने स्वतःच, "नऊ वर्षं झाली सोडून. आता कशाला उकरायचं?" आई गप्प. मी पुण्यात, ते वाळवा तालुक्यात, फोनवर भांडण होतं आणि विषय तिथेच राहतो.

कुणी आपल्या माणसाला अशा तपासणीसाठी तयार केलंय का? आणि मुळात करावी का?

चहाबाज

गाडीची पीयूसी काढतात ना ठरावीक काळाने? सांगा, आता तुमची काढायची आहे. हलकेच घ्या.

मंजिरी

आमचे सासरे दरवर्षी छातीचा एक्स-रे काढतात आणि फाइलला लावतात. तेवढं पुरत नाही का? बाबांनाही एक्स-रेला नेणं सोपं जाईल.

क्षकिरण

रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

एक्स-रे पुरत नाही. लहान गाठ बरगडीमागे, हृदयामागे, कॉलरबोनच्या खाली सहज लपते. अमेरिकेत याच प्रश्नावर मोठा अभ्यास झाला, ५३ हजारांवर लोक, सगळे खूप ओढलेले. निम्म्यांचा दरवर्षी एक्स-रे, निम्म्यांचा लो डोस सीटी, अशा तीन फेऱ्या. २०११ मध्ये निकाल आला : सीटीच्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी. २०२० मध्ये नेदरलँड्स-बेल्जियमच्या अभ्यासात पुरुषांमध्ये दहा वर्षांत २४ टक्के. सासऱ्यांच्या फाइलमधला एक्स-रे वाईट नाही, पण तो बघून निर्धास्त होऊ नका.

लो डोस म्हणजे किरणांचा मारा कमी, साधारण दीड मिलिसीव्हर्ट. नेहमीच्या छातीच्या सीटीला सातच्या आसपास लागतात. इंजेक्शन नाही, उपाशीपोटी यायची गरज नाही. टेबलावर झोपायचं, हात डोक्यावर, श्वास काही सेकंद धरायचा. शर्ट घालेपर्यंत पुढच्या पेशंटचं नाव पुकारतात.

आणि मुख्य गोष्ट, ही तपासणी काहीही त्रास नसलेल्या माणसाची. थुंकीतून रक्त, न जाणारा खोकला, बसलेला आवाज, उतरत चाललेलं वजन यातलं काही असेल, तर त्याला स्क्रीनिंग म्हणत नाहीत. तिथे थेट डॉक्टर.

पारसिप्पनीकर

मी त्यातूनच जातोय म्हणून लिहितो. वय ६१, सोडली २०१२ मध्ये. इथे अमेरिकेत २०२१ पासून नियम असा : वय ५० ते ८०, कमीत कमी २० पॅक-इयर, आणि अजून ओढत असाल किंवा सोडून १५ वर्षांच्या आत असाल. पॅक-इयर म्हणजे रोजची पाकिटं गुणिले वर्षं. १५ वर्षांची अट अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २०२३ मध्ये आपल्या शिफारशीतून काढून टाकली, पण आमची विमा कंपनी अजून बोटं मोजते.

पहिल्याच स्कॅनमध्ये ७ मिमीची गाठ निघाली. सहा महिन्यांनी परत या म्हणाले. ते सहा महिने कसे गेले हे इथे लिहीत नाही. इतकंच सांगतो की बायकोला न सांगता दोन वेळा मृत्युपत्राचा मसुदा केला. सहा महिन्यांनी गाठ होती तेवढीच. आता वर्षातून एकदा. त्यामुळे जाच, असंच सांगेन, पण "एक स्कॅन आणि सुटलो" असं समजून जाऊ नका.

कृष्णाकाठ, बाबांची रोज किती?

कृष्णाकाठ

रोज एक पाकीट. ३८ वर्षं. म्हणजे ३८ पॅक-इयर?

वजाबाकी

थांबा. तुमच्या बाबांचं पाकीट कितीचं? अमेरिकेचा हिशेब २० सिगारेटींच्या पाकिटावर चालतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दहाचंच पाकीट. दहाचं असेल तर ३८ नाही, १९.

कृष्णाकाठ

दहाचंच, चारमिनार. अरे देवा. मी हे बाबांना फोनवर वाचून दाखवत होते, त्यांनी लगेच पकडलं. "बघ, मी बसतच नाही त्यात." इतके खूश तर माझ्या दहावीच्या निकालालाही नव्हते.

चहाबाज

एका मार्काने नापास आणि घरात पेढे! वजाबाकी, तुझं नाव सार्थ केलंस बाबा.

स्पष्टवक्ता

सगळे हुरळलेत म्हणून थोडं थंड पाणी. आपल्याकडे कट प्रॅक्टिस आहे, गल्लोगल्ली सेंटरं आहेत, फुल बॉडी पॅकेजच्या जाहिराती रिक्षाच्या मागे असतात. त्यात ही भर. आधी स्कॅन, मग "डाग दिसतोय", मग पेट स्कॅन, मग सुई घालून तुकडा काढणं, आणि शेवटी काही नव्हतंच. वर पारसिप्पनीकरांनी सहा महिने घाबरून काढलेच की. माझ्या आत्याने आयुष्यात बिडीला हात लावला नाही, तिला फुप्फुसाचाच कॅन्सर झाला. तिला कुठल्या पॅक-इयरमध्ये बसवणार?

क्षकिरण

स्पष्टवक्ता, निम्मं पटलं आणि ते निम्मं महत्त्वाचं आहे.

त्याच अमेरिकन अभ्यासात दर फेरीला साधारण चारातल्या एकाच्या सीटीत "काहीतरी" दिसलं. त्यातल्या ९६ टक्क्यांहून जास्त लोकांना कॅन्सर नव्हता. एक मृत्यू टाळायला सुमारे ३२० जणांना तपासावं लागलं. आपल्याकडे त्यात टीबीची भर. जुन्या टीबीचे वळ, कॅल्शियम धरलेले ठिपके इतके दिसतात की रिपोर्ट लिहिताना हात जपून चालवावा लागतो. म्हणूनच ही तपासणी सरसकट कुणाचीही करायची नसते. ज्याने कधी ओढली नाही अशा पस्तिशीतल्या माणसाला पॅकेजमध्ये सीटी देणारे आहेत, आणि त्यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंत त्याच्या दुप्पट मी बोलेन, पण इथे नको.

आत्यांसारखे पेशंट आपल्याकडे पुष्कळ दिसतात, बायका जास्त. चुलीचा धूर, दुसऱ्याचा धूर, हवा, आणि कधीकधी काहीच कारण सापडत नाही. ही चाळणी त्यांना पकडत नाही, हे कबूल. पण चाळणीतून काही निसटतं म्हणून जे अडकतंय तेही सोडून द्यायचं का? ३८ वर्षं बिनफिल्टर ओढलेल्या माणसाचं गणित वेगळं आहे.

आणि आपल्याकडे फुप्फुसासाठी सरकारी तपासणी कार्यक्रमच नाही. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख, या तीन कॅन्सरांचा आहे. तेव्हा २० म्हणजे पास आणि १९ म्हणजे नापास असा इथे कायदा नाही. छातीच्या डॉक्टरशी बोलून ठरवायचं. आधी हेही बघायचं की काही सापडलंच, तर ऑपरेशन झेपेल इतकी तब्येत आहे का, आणि करून घ्यायची तयारी आहे का. नसेल, तर शोधून काय करायचं? बाबांचं "शोधलं की सापडतं" हे तिथे लागू पडतं.

चादर

मी सोलापूरचा. आई विड्या वळायची, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं अन्‌ तंबाखू. रोज हजार विडीचा हिशेब. दादा म्हणजे वडील, मिलमध्ये. विडी घरातच, विकत आणायचा प्रश्न नाही. किती ओढायचे विचारलं तर "मोजून का ओढतंय कुणी" म्हणायचे. पॅक-इयर गेलं उडत.

५८ व्या वर्षी खोकला. एक्स-रेत डाग. बेडका तपासायला सांगितला होता, त्यात काही निघालं नाही, तरी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, चालू केली. चार महिने गोळ्या. लघवी लाल व्हायची तर आई म्हणायची औषध लागू पडतंय. वजन उतरत गेलं तरी सगळ्यांचं एकच, टीबीत उतरतंच. चौथ्या महिन्यात सीटी झाला. मुंबईला टाटात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं की आता ऑपरेशनची वेळ गेली.

दोष कुणाला द्यायचा ते मला अजून ठरवता येत नाही. सोलापुरात त्या वयाच्या माणसाच्या छातीत डाग म्हटलं तर दहापैकी कुणीही टीबीच म्हणालं असतं. पण ताई, तुमच्या बाबांना काही होत नाहीये, हीच वेळ आहे. आमच्या दादांना व्हायला लागल्यावर आम्ही पळालो.

मंजिरी

चादर, __/\__

स्पष्टवक्ता

चादर, वाचून गप्प बसलो. माझा मुद्दा धंद्याबद्दल होता, तुमच्या दादांसारख्यांबद्दल नाही.

ओलाचिंब

मँचेस्टरहून. मूळ प्रश्न "न्यायचं कसं" असा होता, तर इथे कसं नेतात ते सांगते.

इथे हॉस्पिटलात बोलावलंच नाही. आमच्या भागात सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, ट्रॉल्या ठेवतात त्याच्या पलीकडे, एक भला मोठा ट्रक उभा. आत सीटी मशीन. ५५ ते ७४ वयाच्या, कधीही सिगारेट ओढलेल्या लोकांना जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून, पत्र. पत्रात कॅन्सर हा शब्द मोठ्या अक्षरात कुठेच नव्हता, तेव्हा "लंग हेल्थ चेक" असं साधं नाव होतं. आधी नर्स फोनवर प्रश्न विचारते, त्यावरून धोका काढतात, आणि ज्यांचा जास्त त्यांनाच ट्रकमध्ये. मँचेस्टरमध्ये हे आधी करून पाहिलं, मग २०१९ पासून इतर भागांत सुरू झालं, आणि २०२३ मध्ये सरकारने पूर्ण इंग्लंडभर नेण्याचं जाहीर केलं.

माझा नवरा भित्रा. रक्त तपासायला जायचं तर आदल्या रात्री झोपत नाही. तो कसा गेला? दूध आणि बटाटे आणायला गेला होता. परत आला तर पिशवीत दूध नाही, पण हातात माहितीपत्रक. "नर्स चांगली होती, ओरडली नाही." एवढंच त्याचं परीक्षण.

ते "ओरडली नाही" मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे ओढणारा डॉक्टरपुढे बसला की पहिलं वाक्य तेच येतं, ओढता ना, मग भोगा.

राखुंडी

इतके दिवस नुसता वाचत होतो. आता लिहितो, कारण ओलाचिंबने नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलं.

वय ५२. अजून ओढतो. हे टंकतानासुद्धा गच्चीतच आहे. अठराव्या वर्षी हॉस्टेलवर लागली. तीन वेळा सोडली, सर्वात जास्त टिकली ती सात महिने, मुलीच्या बारावीपर्यंत. पॅक-इयर वजाबाकीच्या पद्धतीने काढले, २५ च्या वर येतात.

मी का जात नाही? भीती आहेच. पण त्याहून जास्त लाज आहे. सोडल्याशिवाय तपासायला जाणं म्हणजे अभ्यास न करता निकाल बघायला जाण्यासारखं वाटतं. आधी सोडू, मग ताठ मानेने जाऊ, असं गेली चार वर्षं चाललंय. घरी सगळ्यांना वाटतं मला फिकीर नाही. फिकीर रोज रात्री दोन वाजता असते, सकाळी चहाबरोबर जाते.

क्षकिरण

राखुंडी, ही तपासणी सोडलेल्यांइतकीच न सोडलेल्यांचीही आहे. वरचा नियम परत वाचा : "अजून ओढत असाल किंवा". आधी सोडा मग या, असं त्यात कुठेही नाही. उलट कित्येकांची सुटते ती इथे येऊन गेल्यावर.

दुसरी बाजूही सांगतो. "स्कॅन साफ आला, म्हणजे माझी फुप्फुसं दणकट" म्हणत बाहेर पडून टपरी गाठणारेही पाहिलेत. साफ आला याचा अर्थ आज काही दिसलं नाही, एवढाच.

जुना मास्तर

सोडून काय उपयोग, झालं ते झालं, असं म्हणणाऱ्यांसाठी. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल यांनी १९५१ पासून डॉक्टरांवरच अभ्यास केला, पन्नास वर्षं. २००४ चा हिशेब असा : साठीत सोडली तर साधारण तीन वर्षं आयुष्य परत मिळतं, पन्नाशीत सोडली तर सहा, चाळिशीत नऊ, तिशीत जवळजवळ सगळीच दहा. राखुंडी, तुमच्या खात्यात अजून सहाच्या आसपास शिल्लक आहेत. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर सोडायला मदत करणाऱ्यांचा आहे. मी स्वतः तपकीर ओढायचो, तेव्हा उपदेशाचा अधिकार मर्यादित.

चहाबाज

तपकीर! मास्तर, शर्टाच्या खिशाशी तो तपकिरी डाग अजून आहे का? आमच्या संस्कृतच्या सरांचा होता, त्यावरून सर कुठून गेले ते कळायचं.

वजाबाकी

अवांतर : २०२० मध्ये महाराष्ट्रात सुट्टी सिगारेट विकायला बंदी आली, आठवतंय? आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर लायटर अजून सुतळीला टांगलेला आहे. सुट्टी मिळत नाही तर तो लायटर कुणासाठी, हे विचारायचं धाडस झालेलं नाही.

मंजिरी

अवांतरातच विचारते. आमच्या आजेसासूबाई मिश्री लावतात. त्यांनाही हा सीटी?

क्षकिरण

नाही. मिश्री, तंबाखू, गुटखा यांच्यासाठी तोंड बघायचं. दातांच्या डॉक्टरकडे किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात उजेडात आ करून बसवा. पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं. दोन मिनिटांचं काम आहे.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. बातमी आहे.

शनिवारी गावी गेले. चादर यांचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला, बाकी काही बोलले नाही. ते ऐकत होते. मग नेहमीचं, "पण मी १९ मध्येच आहे ना."

आई भाजी निवडत होती. उठली, आत गेली आणि ट्रंकेतून एक वही घेऊन आली. लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा उंदराने खाल्लेल्या. लग्न १९८४ चं, तेव्हापासून ती किराणा, दूध, सगळं लिहायची हे माहीत होतं. कारखान्याच्या गेटवरच्या टपरीचं खातंही त्यात आहे हे मला माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं. पगार झाला की टपरीवाला घरी येऊन आईकडून उधारी न्यायचा, आणि ती लिहून ठेवायची. कार्तिक ते फाल्गुन प्रत्येक महिन्याला साठ पाकिटं, बाकी महिन्यांना तीस. गळीत हंगामात रात्रपाळी असायची, पॅनवर झोप लागू नये म्हणून दुप्पट.

आई एवढंच म्हणाली, "एक पाकीट उन्हाळ्यातलं सांगतात ते."

वजाबाकी, आकडे मांडले. हंगामाचे पाच महिने दोन, उरलेले सात महिने एक. लग्नाआधीची सहा वर्षं बाबांच्या शब्दाखातर एकच धरलं. २५ च्या वर.

बाबा बराच वेळ वही चाळत होते. १९९१ च्या एका पानावर थांबले. म्हणाले, "त्या वर्षी तू बांगडी मोडलीस ती यासाठी?" आईने उत्तर दिलं नाही. बाबा म्हणाले, "कधी जायचं?"

चहाबाज

आज विनोद नाही.

वजाबाकी

२५.७ येतात. काकूंना दंडवत. अशी कच्ची नोंद कुठल्याच अभ्यासात नसेल.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी अपडेट, खूप जणांनी व्यक्तिगत निरोप केले म्हणून.

आधी छातीच्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी वीस मिनिटं दिली, काय सापडू शकतं आणि सापडलं तर पुढे काय ते सांगितलं. मग सांगलीला स्कॅन. मशीन हिंदीत बोलतं, "सांस रोकिए." बाबांनी इतक्या निष्ठेने रोकली की मशीन "सांस लीजिए" म्हणाल्यावरही सोडेनात, तंत्रज्ञाला काचेमागून ओरडावं लागलं.

रिपोर्ट : उजवीकडे वर जुना कॅल्शियमचा ठिपका. डावीकडे खाली ४ मिमीची गाठ. थोडा एम्फिसीमा, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब झालेल्या. वर्षाने परत या. क्षकिरण, हे ठीक आहे ना?

क्षकिरण

पहिल्याच स्कॅनमध्ये ६ मिमीच्या आतली घट्ट गाठ असेल तर वर्षाने बघायचं हेच बरोबर. फक्त ती तारीख खरंच पाळा आणि सीडी जपून ठेवा, पुढच्या वेळी तुलना लागते. रिपोर्टचा कागद हरवला तरी चालेल, सीडी नको. एम्फिसीमाचं त्याच डॉक्टरांना विचारा.

पारसिप्पनीकर

४ मिमी! आमच्यात स्वागत. बाबांना सांगा, मृत्युपत्राचा मसुदा हवा असेल तर माझ्याकडे तयार आहे.

कृष्णाकाठ

बाबांना वाचून दाखवलं, हसले. सीडी आईने ट्रंकेत ठेवली आहे, वहीच्या खाली. कट्ट्यावरच्या तिघांना बाबा स्वतःच सांगून आले. एक जण तयार आहे, दुसरे म्हणतात शेतीची कामं झाली की बघू, आणि तिसरे फक्त तंबाखू खातात, त्यांना आ करायला पाठवलंय.

राखुंडी

प्रश्न. तिथे फॉर्मवर रोज किती हे लिहायचं असतं का? आणि बायकोसमोर?

क्षकिरण

लिहायचं असतं आणि खरंच लिहायचं. बायकोला हवं तर बाहेर बसवा.

राखुंडी

बाहेर बसवून काय फायदा? हा धागा तिनेच पाठवला होता मला. आता धास्ती वहीची आहे.